बर्फातली नळी

देवगडहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीत
माझं रक्त थर्माकोलच्या डब्यातून जातं.
डबा सुरमईचाच. बर्फही सोसायटीच्याच कारखान्याचा.
कंडक्टर विचारतो, वास नाही ना येणार?

पंधरा वर्षं डिझेलची वही लिहितोय.
नंबर दिसायच्या आधी होडी कळते मला:
केबिनचा पोपटी, नाळेवरची पिवळी पट्टी,
कुबलांच्या इंजिनाची खोकल्यासारखी उबळ.
डॉक्टर नाफडे सांगतात, लॅबमध्येही असंच चालतं.
पेशींच्या अंगावर खुणा असतात, खुणांना आकडे,
सीडी आठ, सीडी सत्तावन्न.
चमकता रंग चिकटवायचा, एकेक पेशी
लेसरसमोरून सोडायची, मोजायची:
कोण नवशिकी, कोण लढून आलेली.

सुगंधाताईचं मूत्रपिंड माझ्या उजव्या कुशीत
मार्गशीर्षापासून काम करतंय, इमानानं.
त्याला कुणी परकं म्हणू नये म्हणून
सकाळी आठ, रात्री आठ,
मी माझ्याच राखणदारांना गुंगी देतो.
आणि त्याच मूत्रपिंडात, तिलाही ठाऊक नसलेला
एक विषाणू निजला होता, तिच्या लहानपणापासून.
तिच्याकडे गुमान होता.
माझ्याकडे जागा झाला.
श्रावणात ताप, जुलाब,
पांढऱ्या पेशी ओहोटीला.

हे तिला कुणी सांगितलं कळत नाही.
त्या दिवसापासून ती खळ्यातच थांबते,
पेजेचा डबा पायरीवर ठेवते, मागे सरते.
"दिलंय ता चांगला म्हणान दिलंय.
वांगडा काय इला, ता माका काय म्हायत?"
निम्म्या गावाच्या अंगात असतो गे तो, मी म्हणतो.
ती ऐकून घेते
आणि पदरानं नाक झाकते.

आज रिपोर्ट आला. तीन पानं, दोन मला कळत नाहीत.
तिसऱ्यावर नाफड्यांनी पेनानं गोल केलाय:
सत्तावन्नची खूण असलेल्या वाढल्यात.
म्हणजे?
म्हणजे ओळखायला लागल्यात.
विषाणूला हं. मूत्रपिंडाला नव्हे,
निदान अजून तरी.
एक गोळी कमी करून बघू.

खळ्यात डबा टेकल्याचा आवाज.
आत ये गे, मी म्हणतो,
तुजा जा काय आसा, ता आधीच माज्यात इलाहा.

बराच वेळ काही नाही.
मग मोरीतला नळ सुटतो.
कोपरापर्यंत हात धुतेय ती,
नर्सनं शिकवले तसे,
आणि नखांतले खवले
निघता निघत नाहीत.