चार बोटं

माळ्यावरून सायकल उतरवली तेव्हा
कुलरच्या जुन्या गवताचा भुसा
हँडलवरून डोळ्यांत पडला.
वीस इंची चाकं, एकोणीस वर्षं.
मागचा एक पेग अजून घट्ट.
दुसरा कुठे पडला ते मला माहीत,
वैरागडेला माहीत,
पण तो आता पुण्यात असतो,
फोनवर गृहकर्जाचे दर सांगतो.

पहाटे साडेपाच. रेशीमबागेमागे
नवा सिमेंट रोड, अजून पट्टे न मारलेला.
ऊन तापायच्या आत एवढंच जमवायचं होतं:
दोन्ही चाकं एकदम सुटावीत जमिनीवरून,
वीतभर.
बरं, चार बोटं.

पुढचं उठलं. मागचं बसून राहिलं
कचेरीतल्या माणसासारखं, म्हणजे माझ्यासारखं.
मग पेडलनं नडगी सोलली
बरोबर जुन्या वणाच्या शेजारी,
जागा राखून ठेवल्यासारखी.

दूधवाला पोरगा थांबला.
"काका, सीट काऊन इतकी खाली? वर करा ना."
ही बसायची सायकल नाही बे, म्हटलं,
आणि माझं मलाच ऐकू आलं:
जीभ आधी पोचली होती,
गुडघे यायचे होते मागून.

सातव्यांदा की आठव्यांदा
टायरांचा आवाज मध्येच थांबला.
एवढंच. पुन्हा सुरू झाला.
पोरगा तोवर वळणापलीकडे,
कॅनांचा खडखडाट घेऊन.
मनगटातल्या सळईनं तेवढी नोंद घेतली.

दहा वाजता वीजबिलाच्या खिडकीमागे
पाय लांब करून बसलो,
पॅन्ट चिकटलेली नडगीला.
"सुटे आहेत का?" विचारलं
इतकं हसून, की बाई दचकल्या.