मार्ग क्रमांक सात

शालिमारच्या फुटपाथवर साठ रुपयांना मिळालं,
पाठीला चिकटपट्टी, आत तेवीस मार्ग.
सातवा: नाशिक, गिरणारे, वाघेरा, हरसूल.
सायकलवर सामान बांधून, एक मुक्काम.
चढ हलका ते मध्यम.
नवशिक्यांसाठी उत्तम.

मी नवशिकी. वय सत्तेचाळीस.
पंचवटीतल्या शाळेत भूगोल शिकवते.
फळ्यावर वीस वर्षं तेच वाक्य,
समोच्चरेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र.
मुलं लिहून घेतात.
तीव्र म्हणजे किती, कुणाच्या मांडीला,
हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

पहिल्या पानावर नाव होतं, नलू खैरनार, सिडको.
आणि समासात तिची पेन्सिल.
छापलेलं: गिरणाऱ्यापर्यंत रस्ता सपाट.
पेन्सिल: सपाट, पण वारा समोरून.
छापलेलं: अनावश्यक सामान टाळावे.
पेन्सिल: अनावश्यक कुठलं ते घरी कळत नाही.
छापलेलं: पाण्याची सोय जागोजागी.
पेन्सिल: गिरणारे सोडलं की एकच हापसा, शाळेच्या मागे,
दांडा आधी दहा वेळा कोरडाच मारायचा, धीर सोडायचा नाही.
छापलेलं: स्थानिक लोक मदत करतात.
पेन्सिल: करतात. आधी विचारतात, एकट्याच का?

लेखकावर माझा राग नाही.
फोटोत पंचविशीचा दिसतो, पोटऱ्या दगडी.
त्याला तो चढ खरोखरच हलका वाटला असणार.
पण हलकं हे विशेषण आहे,
आणि विशेषणाला मोजपट्टी नसते,
एवढं तरी व्याकरणाच्या बाईंनी त्याला सांगायला हवं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत निघाले.
स्काउटच्या खोलीतला तंबू, रॉकेलचा स्टोव्ह,
दोन किलो तांदूळ, लोणच्याची बरणी,
खताच्या गोणीतून शिवलेल्या दोन पिशव्यांत.
द्राक्षबागांत फवारणीचा वास,
मागचं चाक प्रत्येक खड्ड्यात बरणीची आठवण करून देत होतं.
गिरणाऱ्याला टोमॅटोचा बाजार तुंबलेला,
पिकअपच्या रांगेत मी आणि माझी सायकल.
काट्यावरचा बेंडकोळी बघत राहिला, मग म्हणाला,
आणा इकडे मॅडम, एकदा तोलूच.
एकोणीस किलो.
म्हणजे एक कॅरेट झालं की, तो म्हणाला,
आणि आम्ही हे टेम्पोनं पाठवतो.

स्टोव्ह त्याच्याकडे ठेवला. तांदूळही.
बरणी ठेववेना.

वाघेऱ्याच्या चढाला तिसऱ्या वळणावर
श्वास माझा आहे की मागून येणाऱ्या ट्रकचा, कळेना.
कठड्याला सायकल टेकवली, पान एकेचाळीस उघडलं.
छापलेलं: येथून दृश्य अत्यंत रमणीय.
पेन्सिल: इथून परत फिरले. बरं वाटलं.

त्यापुढे समास कोरे. शेवटच्या पानापर्यंत.

मी कठड्यावर बसून चाळलं, बाईंच्या सवयीनं, एकेक पान.
पंक्चर होतं, सर्पदंश होता, चेन तुटली तर काय ते होतं.
परत कुठून फिरावं, हे तेवीस मार्गांत कुठेच नव्हतं.
नवशिक्याला तेच तर आधी हवं असतं.
पुढचं कसंही सापडतं.

खाली पिवळं पडलेलं गवत, कुठेतरी भातकापणी,
पोळीबरोबर लोणचं खाल्लं. खार बोटांवरून पानावर.
मग पेन्सिल काढली, नलूच्या ओळीखाली लिहिलं:
मी इथून सायकल हातात धरली. चालत गेले.
याला चढणं म्हणतात का, माहीत नाही.

शाळा उघडली. सातवी ब.
फळ्यावर रेषा काढल्या, जवळजवळ, अजून जवळ,
आणि खडू टेकवून म्हटलं,
इथे सायकलवरून उतरायचं.
वर्ग हसला.
पण लिहून घेतलं सगळ्यांनी.

स्टोव्ह अजून बेंडकोळीकडेच आहे.