सातवं पान

पहिलं पान मी शाळेच्या संगणकावर केलं,
दिवाडीला, ज्याच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात
ओल धरल्यासारखा डाग आहे.
उबुंटू. फुकटचं, पण प्रामाणिक.
बारा पानं: खाजन, बांद, कोरगुट भाताचं एक कणीस,
आणि सातव्यावर मानस.
भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला आपोआप उघडणारं
प्रेमानंद च्यारीच्या आज्यानं घडवलेलं दार,
खालून हातभर कुजलेलं.
बाण काढून दाखवलं: खारं पाणी इथून शिरतं.

फाइल मडगावला गेली, रेमेडियुसकडे.
त्याच्या लेकीचा मॅक, घासलेल्या ताटासारखा.
त्याचा फोन आला: "बाय, तुमचा बाण वर गेला."
वर कुठं?
"ढगांत. आता पाणी देवाकडून येतं."

तिकडे माझी वेलांटी एकटी पडली होती.
अक्षर सापडलं नाही म्हणून
ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला धरून उभी,
फेरी सुटल्यावर धक्क्यावर राहिलेल्या बाईसारखी.
रेमेडियुसच्या ओळी रोमीतल्या.
त्या कुठंही तशाच्या तशा उतरायच्या,
रविवारच्या इस्त्रीसकट.
मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू.

मग त्यानं दुरुस्त केलं, मी दुरुस्त केलं.
त्याची दुरुस्ती माझ्याकडे बिघाड होऊन यायची
आणि माझी त्याच्याकडे.
नाव लांबत गेलं:
अंतिम, अंतिम-दोन, अंतिम-रेमेडियुस,
अंतिम-खरंच, हीच-उघडा.
त्यानं भरती हलती केली होती,
निळी पट्टी सावकाश बांदावर चढत जाणारी.
माझ्याकडे ती एकदम आली,
एका टिचकीत, न सांगता.
खरी तशीच येते, मी त्याला कळवलं.

रात्री साडेअकराला मी म्हटलं, पीडीएफ करू आणि झोपू.
"पीडीएफ म्हणजे थडगं," तो म्हणाला.
"वाचता येतं. बोलता येत नाही."
शिवाय प्रेमानंदला दाराची मापं अजून घालायची होती.
तो मोजायला ओहोटीची वाट बघत होता.

पणजी. खात्याचं विंडोज.
पेन ड्राइव्ह तिसऱ्या वळणाला आत गेला.
कणीस आलं, थोडं आडवं ताणलेलं,
बांद आला, फोटोच्या जागी लाल फुली आली,
तीही समजून घेतली त्यांनी.
मग सातवं.

कुठल्या तरी मशीनला,
कुठल्या ते आजवर कळलं नाही,
मानशी हा शब्द ठाऊक नव्हता.
त्यानं आपल्या समजुतीनं तो सुधारला होता.
भिंतीवर, वीतभर अक्षरांत:

माणसाचं दार कुजलं आहे.
त्वरित बदलावं.

पंखा फिरत होता.
तळपणकर बाईंनी चष्मा काढला,
पुसला, घातला, परत वाचलं.
"कुठल्या माणसाचं?"

मी माउसकडे हात नेला.
रेमेडियुस खोकला, नुसता.
मागच्या खुर्चीवरून प्रेमानंद उठला,
ज्यानं तोवर एकही पान पाहिलं नव्हतं,
खिशात टेप, पायांना अजून खाजनाचा चिखल.
"सव्वातीन हात रुंद," तो म्हणाला.
"सागवान नको. माट्टीचं लाकूड बघा.
आणि बिजागरी माझी मी करतो."

बाईंनी ते कागदावर उतरून घेतलं.
पेन्सिलीनं. समोर भिंत उजळलेली असताना.

परत येताना फेरीत आम्ही तिघं
स्कूटरींच्या मध्ये उभे होतो, फारसं न बोलता.
पाणी चढत होतं.

सोमवारी मी फाइलमध्ये मापं घातली, तेवढीच.
सातव्या पानाला हात लावला नाही.
रेमेडियुसला विचारलं,
तुझ्याकडे आता काय दिसतं?
"दार दिसतं," तो म्हणाला, "मापं दिसतात."
आणि बाण?
"बाण अजून वरच आहे."