मर

बापाने लावली ही झाडं.
हार्मेन, वनखात्याचा गडी, खांद्यावर फावडं,
पाइनच्या रांगांमधून दर तीन पावलांवर एक
अमेरिकेची रानचेरी.
वरून हुकूम होता, माती सुधारेल.
वेलुवेची वाळू म्हणजे चुलीतली कालची राख,
पाइनच्या सुया वर्षानुवर्षं तशाच पडून.
हिची पानं मात्र लवकर काळी पडत, मऊ होत.
तो मूठभर उचलून हुंगायचा:
"बघ, शिजतंय."

आता मी उपटते.
दर शनिवारी, ओटर्लोच्या फाट्यापासून आत,
सोबत वीबे नि त्याचा थर्मास.
एका आईखाली दोनशे पोरं. मोजलीत मी.
गुडघे मोजत नाहीत, नुसते दुखतात.

विद्यापीठातून रेन्स्के आली होती.
तिच्याकडे मातीच्या पिशव्या,
त्यातली एक समुद्रापलीकडची,
शिक्क्यांनी भरलेली, पासपोर्टासारखी.
म्हणाली, तिकडे आईच्या पायाशी पोर जगत नाही.
माती ओळखते त्यांना. जुनं वैर आहे.
डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
ओलीतून पोहत येतं
आणि कोंबाची मान धरतं.
"मग इथे कोणी शत्रूच नाही हिला?"
"आहेत. ओळख व्हायचीय."
वीबे म्हणाला, माझ्या मेहुण्यासारखंच,
आणि हसताना कॉफी सांडली.

यंदा मे महिन्यात
सगळ्यांत जुन्या झाडाखाली
(माझ्या जन्मावर्षीचं, असं आई सांगायची)
कोंब आडवे पडलेले.
मातीलगत देठ बारीक, ओले, तपकिरी,
सुतळीने आवळल्यासारखे.
मर लागली होती.

खोटं कशाला बोलू, आनंद झाला.
इतकी वर्षं आम्ही उपटत होतो
आणि ही खाली, मुकाट्याने, शिकत होती.

मग पाचोळा बाजूला केला.
ओकचं एक रोप. तेही आडवं.
लाल फळांच्या रोवनची तीन,
मान तशीच आवळलेली.

वीबेला हाक मारणार होते. मारली नाही.

रेन्स्केसाठी पिशवी भरली.
चिठ्ठीवर जागा, तारीख, खोली, झाडाची जात.
कोणी लावलं, असा रकाना नव्हता,
मागच्या बाजूला लिहिलं.
मग काडीने बुटांचे तळवे खरवडले,
तिने बजावलंय तसे,
एकेक खाच,
आणि तरीही गाडीत बसताना
पाय बाहेरच ठेवून
बराच वेळ बसले.