अंगठ्याखालचा हिरवा

शेडकार्डावर हिरव्याचे बावन्न चौकोन आहेत.
फोंड्यात, वरच्या बाजारात, प्रियोळकरांच्या दुकानात
मी एकेकावर बोट ठेवते आणि उचलते.
पिस्ता. सेज. वॉटर लिली.
एकाचं नाव नुसतंच 'शांत'.
दुकानदार म्हणतो, बाय, हल्ली हेच जातात,
डोळ्यांना थंड.

घरी आम्ही हिरव्याला पाचवो म्हणतो.
शेडकार्डावर पाचवो नाही.

द्यामण्णा रंगारी ब्रश काखेत धरून विचारतो,
अक्का, नेमका कसला पाहिजे?
मला सांगता येत नाही.
म्हणजे येतं,
पण काउंटरशी उभं राहून सांगण्यासारखं नाही ते.

आमच्या गावात, डिचोलीच्या पलीकडे,
पानं तांबडी होती.
फणसाची, काजूची, वृंदावनातल्या तुळशीचीसुद्धा.
पहाटे पहिला ट्रक जाई,
रात्री शेवटचा गेला की आई दोरीवरचे कपडे झटकी,
तांबडे ते तांबडेच.
चित्रकलेच्या तासाला मी झाड काढलं
आणि पानांना काव दिली.
बाईंनी खाली लिहिलं, निरीक्षण चांगले.

हिरवा होता, पण खाली.
बसची वाट बघताना काजूच्या पानावर
मी अंगठा घासायचे.
एक पट्टा उघडायचा, बिनचमकीचा, किंचित ओला,
अंगठ्याएवढाच रुंद.
दुसऱ्या दिवशी तिथे काही नसायचं.

बाबांचा ट्रक त्याच रांगेत होता, हेही सांगायला हवं.
माझी फी, आईच्या कुड्या, घरावरची नवी कौलं,
सगळं त्या धुळीचं.

मग खाण बंद पडली.
त्या चवथीला माटोळीला बांधायची पानं
आईला धुवावी लागली नाहीत.
ती तशीच हातात घेऊन उभी राहिली
आणि सोप्यावर बाबा बँकेचं पत्र वाचत होते,
तिसऱ्यांदा.
हिरवा आमच्याकडे असा आला,
हप्ते थकवत.

ट्रक फणसाखाली.
दोन वर्षांत एक वेल स्टिअरिंगपर्यंत पोचली,
तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.
बाबा ती उपटत नसत.
पाणीही घालत नसत.

तर द्यामण्णा, पोपटी नको.
शेवाळी नको, त्याला ओल फार लागते.
खाजनातल्या भाताचा नको, तो माझा नाही,
तो मी पणजीच्या बसमधून बघितला, सीटवर बसून, फुकट.
माडाचा तर नकोच, तो पाहुण्यांनी फोटोत नेला.
मला तो हवा, जो आधी झाकलेला होता.
थोडा राखेचा, पांढरा बराच,
आणि शेवटी एक थेंब तांबडा टाक.

तांबडा? तो थांबतो.
हिरव्यात तांबडा पडला की रंग मरतो, अक्का.
मरत नाही. खाली बसतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याने तीन ठिपके लावले.
तिसरा वाळेपर्यंत आम्ही चहा प्यायलो.
बदामीला त्याच्या बहिणीचं घर आहे, तिला पिवळा आवडतो,
असं काहीबाही तो सांगत होता.
चौथ्यावर मी अंगठा ठेवून पाहिला
आणि म्हटलं, हा.

आता दिवाणखाना झालाय, निजायची खोली झालीय.
पडदे सुती, धुतल्या मुगाच्या रंगाचे.
बाल्कनीत नेच्याची कुंडी, तिच्याशेजारी अळू,
फ्लॅटमध्ये अळू कोण लावतं, असं शेजारीण म्हणाली.
दुपारी भिंत जवळजवळ पांढरी दिसते,
दिवेलागणीला मात्र
मागून कुणीतरी पान धरल्यासारखी.

आई रविवारी आली.
चपला काढल्या, पिशवीतून सोलं काढली,
आणि न बोलता भिंतीपाशी गेली.
भिंतीवरून बोट फिरवलं.
बोट उलटं करून उजेडात पाहिलं.
काहीच नव्हतं त्यावर.
तरी पदराला पुसलं,
आणि विचारलं, किती लिटर लागला गो?