मचूळ

कुडाळच्या नर्सरीतून कलाथिया आणला तेव्हा
पानापानावर कुणीतरी ब्रश पुसून ठेवला होता.
संध्याकाळी सातला, लॅबचं शटर ओढायच्या वेळी,
तोही आपली पानं मिटून उभा राहायचा.

मार्चअखेर कडा तपकिरी.
आधी टोकं, मग काठ,
तव्याला धरलेल्या घावनासारखे.

मी रक्त तपासणारी बाई. कारणाशिवाय मला झोप येत नाही.
ऊन म्हणावं, तर खिडकी उत्तरेची.
पाणी जास्त म्हणावं, तर मुळं उपसून पाहिली:
पांढरी, घट्ट, वास नुसता मातीचा.
उरला एसी. रिएजंटसाठी दिवसभर चालतो,
हवेचा पापड करतो.
कुंडी दोन हात लांब सरकवली,
खाली खडे आणि पाण्याची ताटली.
आठवड्यात आणखी दोन पानं गेली.

शनिवारी उपाशीपोटीची साखर द्यायला आल्या
दांडीवरच्या यशोमती खोबरेकर.
सुई निघेपर्यंत कुंडीकडेच बघत होत्या.
मग कापूस दाबलेला हात तसाच धरून
कुंडीच्या काठावरची पांढरी पूड बोटाने टिपली,
थेट जिभेवर.
"बाये, बावडेचा पाणी मचूळ झालाहा.
चैतात खाडी आत येता. तुका कळूक नाय?"

नाही कळलं.
त्याच विहिरीचा चहा मी दिवसातून तीनदा पिते.
चढत गेलं असेल थोडं थोडं
आणि जीभ म्हणत गेली, असू दे.

उपाय एसीच्याच नळीखाली निघाला.
मागच्या पत्र्यावर इतके दिवस टपटपत होतं
बिनमिठाचं, कुणाचंच नसलेलं पाणी.
बादली लावली. संध्याकाळपर्यंत अर्धी.
कुंडी मोरीत ठेवून चार तांबे सावकाश ओतले,
निथळू दिलं, परत ओतले.
करपलेलं कात्रीने कापलं, पानाच्या वळणावळणाने,
हिरव्याला न शिवता, तपकिरीची एक रेघ ठेवून.
गेलेलं पुन्हा हिरवं होत नाही,
हे पेशंटशी बोलायच्या आवाजात स्वतःला सांगितलं.

आज मधोमध नवं पान आलंय,
विडीसारखं गुंडाळलेलं.
उलगडेल तेव्हा कळेल.
तोवर डावा दंड दाताने आवळून
मी उजव्या हाताने स्वतःचीच शीर शोधतेय.
नळीवर नाव लिहायचं राहिलंय.