राखणदाराच्या वहाणा

चोडणच्या बांधावर, मानशीच्या डाव्या अंगाला
एक बिनचेहऱ्याचा दगड आहे.
दर वर्षी त्याच्यापुढे वहाणांचा नवा जोड ठेवायचे,
रोट, दोन विड्या, ओंजळभर सोरो.
सिमांव पोदेर तिथंच मेणवात लावून जायचा,
वाऱ्याला पाठ करून.
वर्ष सरता सरता टाचा झिजलेल्या दिसत.
गाव म्हणे, चालतो तो. रात्रभर चालतो.

त्या टाचा कुणी झिजवल्या ते मला ठाऊक आहे.
बाबांचा डावा पाय जरा बाहेर पडायचा.

अमावास्येला ते उठत, दगडापाशी बसत,
"आज तुझ्या पायांनी जातो," एवढंच म्हणत
आणि घुंगरांची काठी आपटत निघत खाजनाच्या कडेनं.
कुणाची छाती होती मग
भर भरतीला फळी उचलायची?
खारं पाणी भातात शिरलं नाही एकाही वर्षी.

आता हेही सांगते, कारण सांगायला ते नाहीत:
परतताना बाबांच्या पिशवीत सुंगटं असायची.
गाव ज्याला भ्यायचं त्याच्याच वहाणांत पाय घालून
ते गावाचं थोडं थोडं घरी आणायचे.
मी ती खाल्लीत. सोलं घातलेली. चव आठवते.

मग इनास सापडला,
गुडघाभर पाण्यात, खांद्यावर जाळं.
काठी वाजली तसा चिखलातच कोसळला
आणि जाळ्याबद्दल काही बोललाच नाही.
"भोगस म्हाका, देवचारा.
रेमेदीनच्या शेताची मेर मी सरकवली.
भावाला पुरलं त्याच आठवड्यात. तीन हात."
रडत होता. पन्नाशीचा माणूस.
बाबा अंधारात उभे. बोलणार काय?
बोलले असते तर आवाज ओळखला असता.
शेवटी काठी एकदा आपटली, आणि चालू लागले.

चवथीच्या आत मेर जागेवर आली.
रेमेदीनला वाटलं, मोजताना आपणच चुकलो होतो.

मला हे कळलं बांबोळीच्या खाटेवर, नळी काढल्यावर.
पिशवी त्या रात्री त्यांनी मानशीवर उलटी केली होती.
म्हणाले, "तो माझ्याशी नव्हता बोलत गो.
पण ऐकलं मी.
ऐकणाऱ्यानं मग चोरायचं कसं?"

पावणी घेतलेल्यानं यंदा खांबावर कॅमेरा बसवलाय.
गेल्या पुनवेला चौघे आले, हेल्मेटं घालून;
एकानं भिंगाकडे बघून हात हलवला.
फळी अर्धी उघडीच राहिली. वरची दोन शेतं खारली.
बैठकीत मला विचारलं, तू शिकलेली, तुझं काय म्हणणं?
मी देव मानत नाही. देवचारही नाही.
म्हटलं, अजून एक कॅमेरा लावा, उतरणीकडे.

घरी येऊन माळ्यावरचा जोड काढला, शेवटचा.
डावी टाच बाहेरून पार गेलेली, उजवी जवळजवळ नवी.
पुसला. खोबरेल लावलं.
पायात घातला नाही.
दगडापाशीही नेला नाही.
दाराशी ठेवलाय, बोटं बाहेरच्या दिशेला करून.